जुन्या बाजार-इमारतींचा जीर्णोद्धार : खर्च कोणाचा, लाभ कोणाचा?

लातूरच्या गंजगोलाईने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. हैदराबाद संस्थानच्या काळात, १९१७ साली, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे ही वर्तुळाकार दुमजली इमारत उभी राहिली. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि चहूकडे फुटणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना. त्याआधी सहा वर्षे, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत येऊन पोहोचली होती. रेल्वेमुळे भोवतालच्या मुलखातील शेतमाल लातूरच्या पेठेकडे वळला. गोलाईमुळे त्या व्यापाराला एक निश्चित ठिकाण लाभले. सोन्याचे दागिने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाचे बाजार या रस्त्यांच्या कडेने वसले आणि शहर त्यांच्या भोवती वाढत गेले.

ही शंभर वर्षांची इमारत आजही बाजाराचे केंद्र आहे. उलट तिच्याहून पन्नास-साठ वर्षांनी लहान असलेल्या कित्येक व्यापारी इमारती मात्र जराजर्जर झाल्या आहेत. १९६० ते १९९० या तीन दशकांत लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत सिमेंट-काँक्रीटची जी व्यापारी संकुले बांधली गेली, त्यांच्यापैकी अनेकांचे आजचे रूप मराठवाड्यातील वाचकाला वर्णन करून सांगण्याची गरज नाही. गच्चीवर टाकलेले पत्रे, छताचे पोपडे सुटून उघड्या पडलेल्या गंजक्या सळया, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून निघालेला वायरींचा गुंता आणि पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील गाळ्यांत ठिकठिकाणी ठेवलेल्या बादल्या, हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे.

अशा इमारतींचा विषय निघाला की बहुधा एकच उपाय सुचविला जातो : पाडा आणि नवे संकुल बांधा. हा उपाय सोपा व स्वस्त वाटतो. परंतु तो स्वस्त वाटण्याचे कारण त्याच्या हिशेबात काही रकमा धरल्याच जात नाहीत, हे आहे. दुरुस्ती महाग वाटते, ती मात्र वेगळ्या कारणाने : तिचा खर्च एकाच्या माथी बसतो आणि तिचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडतो. जुन्या इमारतींचा प्रश्न तंत्राचा कमी आणि या विस्कटलेल्या हिशेबाचा अधिक आहे.

इमारत म्हातारी कशाने होते?

काँक्रीटमधील पोलादाचे रक्षण काँक्रीटमधील क्षारता करीत असते. हवा आणि ओलावा आत शिरू लागला की ती क्षारता हळूहळू नाहीशी होते, सळ्यांना गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून पाडते. ही क्रिया काही एका दिवसात घडत नाही. पहिल्या अवस्थेत गच्चीची गळती थांबविली, पाण्याचे नळ नीट केले, गिलाव्याच्या भेगा बुजविल्या की काम भागते. दुसऱ्या अवस्थेत सडलेले काँक्रीट खरवडून सळया साफ करून तो भाग पुन्हा भरावा लागतो. तिसऱ्या अवस्थेत खांबांना आणि तुळयांना नव्या सळ्यांचे व काँक्रीटचे वेष्टन द्यावे लागते. प्रत्येक पायरीला खर्च कित्येक पटींनी वाढतो. पुढे ढकललेली दुरुस्ती म्हणजे चक्रवाढ व्याजाने काढलेले कर्जच होय. फक्त ते कोणाच्याही वहीत नोंदलेले नसते.

कायद्याने या बाबीचा विचार केलेला आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ अन्वये, तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे आणि तिच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करणे ही मालकाची वा भोगवटादाराची जबाबदारी आहे. नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये आणि लातूर महानगरपालिका २०११ मध्ये अस्तित्वात आली. तेव्हा दोन्ही शहरांना ही तरतूद लागू आहे. उपरोक्त तीन दशकांतील प्रत्येक इमारत आता या तरतुदीच्या कक्षेत आलेली आहे. परंतु तपासणीत दोष आढळल्यास ते दूर करण्यासाठी पैसा कोठून यावा, याविषयी हे कलम काही सांगत नाही. पैशाची सोय नसेल तर प्रामाणिक अहवाल कोणालाच नको असतो, आणि प्रमाणपत्राचा केवळ एक कागद होऊन बसतो.

हे केवळ व्यापाऱ्यांचे दुखणे आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. शिक्षणाचे केंद्र म्हणून लातूरची ख्याती झाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून विद्यार्थी येऊ लागले. नांदेडही त्याच वाटेने गेले. बाजारातील इमारतींच्या वरच्या मजल्यांना दुकान म्हणून फारसे गिऱ्हाईक नसते. तेथे शिकवण्या आणि अभ्यासिका भरतात. ज्या मजल्याची आखणी कापडाच्या दुकानासाठी झाली, तेथे शंभर मुले एका वेळी बसतात आणि एकाच अरुंद जिन्याने चढतात-उतरतात. २४ मे २०१९ रोजी सुरतेतील तक्षशिला आर्केड या व्यापारी संकुलाला आग लागली, तेव्हा सर्वांत वरच्या भागात भरलेल्या शिकवणीच्या वर्गातील २२ विद्यार्थी प्राणास मुकले. ती इमारत फार जुनी नव्हती. वापर बदलला, भार वाढला आणि इमारत मात्र तशीच ठेवली, की काय घडते याचा तो दाखला होता.

हिशेबातून सुटलेल्या रकमा

आता पाडकामाच्या हिशेबाकडे वळावे. अर्थशास्त्राचा एक प्राथमिक नियम असा की, होऊन गेलेला खर्च पुढील निर्णयात धरावयाचा नसतो. इमारतीवर पूर्वी किती पैसा ओतला गेला, एवढ्यावरून ती राखावी असे म्हणता येणार नाही. परंतु सुस्थितीतील पाया, खांब आणि भिंती पाडल्या तर त्या पुन्हा उभ्या करण्यास आजच्या भावाने जे सिमेंट, पोलाद, वाळू आणि मजुरी लागेल, तो खर्च होऊन गेलेला नव्हे. तो पुढचा आहे आणि टाळता येण्यासारखा आहे. निर्णयाच्या वेळी तो मोजलाच पाहिजे.

त्यातील काही भाग तर रुपयांत मोजला जातच नाही. सिमेंट करण्यासाठी चुनखडी भाजावी लागते आणि त्या भाजण्यातूनच कार्बन वायू बाहेर पडतो. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे सात ते आठ टक्के उत्सर्जन एकट्या सिमेंट उद्योगातून होते. वाळू येते ती नदीच्या पात्रातून. गोदावरी आणि मांजरा यांच्या पात्रांची त्यापायी काय दशा झाली, हे नदीकाठच्या गावांना विचारावे. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा कोठेतरी टाकावा लागतो आणि तो बहुधा शहराबाहेरच्या ओढ्या-नाल्यांतच जातो. अमेरिकेतील जुन्या वास्तूंच्या जतनाचे कार्य करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने २०११ मध्ये पूर्ण केलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष लक्षणीय आहे. नवी इमारत जुनीपेक्षा कमी ऊर्जा वापरणारी असली, तरी तिच्या बांधकामातच जे प्रदूषण झाले त्याची भरपाई होण्यास इमारतीच्या प्रकारानुसार दहापासून ऐंशी वर्षे लागतात, असे त्यात आढळून आले. म्हणजे नव्या इमारतीचे तथाकथित हरितपण पुष्कळदा तिच्या आयुष्याच्या उत्तरार्धात कोठे सुरू होते.

आणखी एक रक्कम सुटते, ती सामाजिक आहे. जुन्या इमारतीतील कमी भाड्याचा गाळा हे लहान व्यावसायिकाचे भांडवलच असते. शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा, झेरॉक्सवाला, मिरची-मसाल्याचा किरकोळ विक्रेता यांना नव्या संकुलातील भाडे झेपत नाही. नव्या उद्योगांना जुन्या इमारतीच आश्रय देतात, हे जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ सालच्या आपल्या नगररचनाविषयक ग्रंथात साधार मांडले होते. मराठवाड्यातील शहरांना तर ते अधिकच लागू पडते. येथे मोठ्या कारखान्यांतील रोजगार मर्यादित आणि किरकोळ व्यापारावर पोट भरणारी कुटुंबे असंख्य. इमारत पाडल्यावर दोन-तीन वर्षे धंदा बंद ठेवून पुन्हा त्याच जागी परतणे त्यांच्यातील कितीजणांना शक्य होते, याचा हिशेब कोणत्याही प्रकल्प-अहवालात दिसत नाही.

किल्लारीचा धडा

मात्र जे जुने ते सारे राखावे, असाही याचा अर्थ नाही. लातूरला तरी ते म्हणता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगड-मातीखाली गाडली गेली. तोवर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात गणला जात असे. २००२ मध्ये भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा लातूरचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. काँक्रीटच्या सांगाड्यात भूकंप सोसण्याजोगी लवचिकता यावी म्हणून सळ्यांची बांधणी कशी असावी, याचे स्वतंत्र मानकही १९९३ सालचेच. याचा अर्थ स्पष्ट आहे : लातुरातील १९९३ पूर्वीच्या व्यापारी इमारतींची आखणी, ती नियमानुसार झाली असली तरी, आज चुकीच्या ठरलेल्या गृहीतावर झालेली आहे. नांदेडनेही निश्चिंत राहू नये. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा गिलावा आणि रंग म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. आधी तपासणी, मग बळकटी आणि शेवटी रंग, हाच क्रम असला पाहिजे. आणि जी इमारत बळकट करण्याचा खर्च नव्या बांधकामाच्या जवळपास जातो, ती पाडलेलीच बरी.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा जो मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्याचा एक भाग आज विसरला गेला आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्याने वसविण्यात आली, ते सर्वांच्या स्मरणात आहे. त्याखेरीज सुमारे अडीच हजार गावांतील, दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाची योजनाही राबविण्यात आली. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, जाड दगडी भिंतीचे दोन्ही पदर आरपार दगडांनी सांधणे, खिडक्या-दारांच्या वर काँक्रीटची पट्टी फिरविणे, असे साधे आणि स्वस्त उपाय अभियंत्यांनी सुचविले होते. गवंड्यांना प्रशिक्षणही देण्यात आले. परंतु अनुदान हाती आल्यावर बहुतेक कुटुंबांनी जुनी भिंत बळकट करण्याऐवजी एक नवी खोली बांधणे पसंत केले.

त्यांना दोष देण्याचे कारण नाही. नवी खोली दिसते, वापरता येते, तिची किंमत करता येते. बळकट केलेली भिंत पूर्वीसारखीच दिसते. न घडलेल्या अपघाताचा नफा कोणत्याही खात्यात जमा होत नाही. ज्या कामाचा लाभ दिसत नाही, ते काम केवळ अनुदान देऊन होत नाही. त्यासाठी लाभ दिसेल अशी व्यवस्था करावी लागते, हा किल्लारीचा धडा आहे. व्यापारी इमारतींच्या बाबतीत अशी व्यवस्था करणे तुलनेने सोपे आहे, कारण येथे पाणी आणि वीज या दोन बाबींत दुरुस्तीचा लाभ थेट रुपयांत मोजता येतो.

गच्चीवरचे पाणी, गाळ्यातली वीज

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. देशभर गाजलेल्या त्या आकड्याशेजारी एक साधे गणित मांडून पाहावे. एखाद्या व्यापारी इमारतीची गच्ची एक हजार चौरस मीटरची आहे आणि वर्षभरात साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. त्यातील ऐंशी टक्के पाणी हाती लागले तर ते सहा लाख लिटर होते. दुष्काळी वर्षी निम्माच पाऊस झाला तरी तीन लाख लिटर. हे सर्व पाणी साठविण्याइतकी टाकी बाजारपेठेत बांधता येणार नाही, आणि काळ्या पाषाणाच्या भूमीत ते मुरतेही मर्यादितच, हे मान्य. तरीही स्वच्छतागृहे, धुणे-पुसणे आणि आगीसाठीचा साठा एवढ्यापुरते टँकरवरचे अवलंबन बरेच कमी होऊ शकते. गच्चीची गळती थांबविण्यासाठी जे काम करावे लागते, त्याच कामात उतार आणि नळ नीट बसवून हे पाणी गोळा करता येते. ज्या पाण्याने इमारत सडते, तेच पाणी तिच्या उपयोगी पडते.

विजेचे गणित त्याहून स्वच्छ आहे. साठ गाळ्यांचे एक संकुल; प्रत्येक गाळ्यात दोन जुने पंखे आणि चार जुन्या नळीदिव्यांची सोय आहे, असे समजू. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या पद्धतीचा पंखा ३० वॅटच्या आसपास. चोकसह जुना नळीदिवा सुमारे ५० वॅट, तर एलईडी २० वॅट. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एकूण बचत ३७,८०० युनिटांची होते. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला पावणेचार लाखांच्या वर. नवे पंखे तीन हजार रुपयांना आणि दिवे अडीचशे रुपयांना पडले तर खर्च चार लाख वीस हजार. म्हणजे तो सव्वा वर्षाच्या आत वसूल होतो. जेथे दिवे आधीच बदलले आहेत तेथे बचत कमी होईल, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. गच्चीला चुन्याचा किंवा तत्सम पांढरा लेप दिला तर उन्हाळ्यात वरच्या मजल्याचा ताप कमी होतो आणि तेथील कूलर व वातानुकूलन यंत्रांवरचा भारही उतरतो.

अन्यत्र हे करून दाखविण्यात आलेले आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील गोदरेज भवन ही १९७२ सालची इमारत. २०१० मध्ये तेथील वातानुकूलन आणि दिव्यांची व्यवस्था बदलण्यात आली. झालेला खर्च पाचएक वर्षांत भरून निघेल असा हिशेब होता. १९३१ साली पूर्ण झालेल्या न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीत २००९ पासून असेच काम झाले. तिच्या साडेसहा हजारांवर खिडक्या फेकून न देता, इमारतीतच कार्यशाळा थाटून त्यांच्या काचांची पुनर्बांधणी करण्यात आली आणि ऊर्जेच्या वापरात ३८ टक्के कपात करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परंतु या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. निर्णय घेणारा मालक एकच होता आणि त्याच्यापाशी पैसा होता. लातूर-नांदेडच्या संकुलांत नेमके याच ठिकाणी पाणी मुरते.

अडले कोठे?

मराठवाड्यातील जुन्या भाडेकरारांना आधी १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा लागू होता. ३१ मार्च २००० पासून त्याची जागा १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घेतली. या कायद्यानुसार भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. २००० साली दरमहा पाचशे रुपये भाडे असलेल्या गाळ्याचे भाडे पंचवीस वर्षांनी सुमारे १,३३३ रुपये होते. इमारत दुरुस्त राखणे हे मालकाचे कर्तव्य असल्याचे हाच कायदा सांगतो. मालकाने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून तिचा खर्च भाड्याच्या ठराविक हिश्श्यापर्यंत वळता करून घ्यावा, अशीही मुभा देतो. परंतु वर्षाला सोळा हजार भाडे असलेल्या गाळ्याच्या कितव्या हिश्श्यातून गच्चीचे काम होणार? मालकाला खर्चात स्वारस्य नाही, कारण भाडे वाढत नाही. पागडी मोजून आत आलेला भाडेकरू स्वतःला अर्धा मालक समजतो, परंतु दुसऱ्याच्या नावावरील इमारतीत पैसा घालण्यास धजत नाही.

परिणाम असा होतो की जो खर्च आणि जो लाभ एकाच हाती आहे, तेवढेच काम होते. गाळेधारक स्वतःच्या गाळ्यातील दिवे बदलतो, कारण विजेचे बिल त्याचे आहे. गच्ची, जिना, पाण्याची टाकी, मुख्य वायर आणि बाहेरचे खांब मात्र सर्वांचे, म्हणून कोणाचेच नाहीत. ज्या संकुलांत गाळे विकत दिलेले आहेत, तेथेही देखभालीची वर्गणी थकते आणि वरच्या मजल्याची गळती हा तळमजल्याच्या दृष्टीने परक्याचा प्रश्न ठरतो.

महानगरपालिकांच्या मालकीच्या संकुलांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तरी तेथील अडचण निराळ्या स्वरूपाची आहे. गाळ्यांचे भाडे सर्वसाधारण उत्पन्नात जमा होते आणि पगार व वीजबिलांत विरून जाते. इमारतीच्या झिजेसाठी त्यातून काही बाजूला काढण्याची शिस्त नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांचा पैसा येतो तो प्रामुख्याने नव्या कामांसाठी. नांदेडचा समावेश २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेत झाला आणि २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त शहरात मोठी कामे उभी राहिली. नव्या कामाला कोनशिला असते, उद्घाटन असते. गळती थांबविण्याच्या कामाला यांतले काहीच नसते.

या गुंत्यातून सुटण्याचा एकच झटपट मार्ग बाजाराने शोधला आहे, तो म्हणजे विकासक. तो मालकाला रक्कम देतो, भाडेकरूला नवा गाळा देतो आणि वाढीव चटईक्षेत्र विकून सारा खर्च भरून काढतो. या मार्गाचे बळ नाकारण्यात अर्थ नाही. तो दोन्ही पक्षांना एका टेबलाशी बसवतो, जे दुरुस्तीला आजवर साधलेले नाही. परंतु पाडकाम येथे स्वस्त असते म्हणून निवडले जात नाही. त्याचा खर्च नव्या गाळ्यांच्या खरेदीदारावर आणि वाढीव पाणी, सांडपाणी व वाहनतळाच्या रूपाने साऱ्या शहरावर टाकता येतो, म्हणून ते निवडले जाते. हरित बांधकामासाठी नियमावलीत दिलेली वाढीव चटईक्षेत्राची सवलतही नव्याने बांधणाऱ्यालाच उपयोगी पडते. असलेली इमारत सांभाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

करावे काय?

उपाय विलक्षण नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे तीस वर्षांवरील व्यापारी इमारतींची प्रभागवार नोंदवही दोन्ही महानगरपालिकांनी प्रसिद्ध करावी आणि प्रमाणपत्राची तारीख इमारतीच्या दर्शनी भागावर लावण्याची सक्ती करावी. ज्या शिकवणीत मुलाला घालावयाचे ती कोणत्या इमारतीत भरते, हे पालकाला कळले पाहिजे. तपासणीचे मनुष्यबळ अपुरे असेल तर नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतील आणि लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांकडून प्राथमिक पाहणी करून घेता येईल. अंतिम शिक्का अर्थातच नोंदणीकृत अभियंत्याचाच हवा.

दुसरी गोष्ट दुरुस्ती निधीची. मुंबईतील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती उपकर बसविला आणि त्यातून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. खर्चाची मर्यादा अपुरी आणि भाडी गोठलेली, यामुळे तो प्रयोग रखडला हे खरे. परंतु सर्वांकडून थोडे थोडे घेऊन सामाईक भागाची दुरुस्ती करावी, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. महानगरपालिकेने आपल्या गाळ्यांपासून आरंभ करावा. भाड्याचा एक निश्चित हिस्सा त्याच इमारतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा आणि त्याचा जमाखर्च दरवर्षी गाळेधारकांपुढे मांडला जावा. जो पैसा आपल्याच गच्चीवर खर्च होणार, तो देण्यास गाळेधारकही फारशी खळखळ करणार नाही.

तिसरी गोष्ट खासगी इमारतींची. भाडेकरूंच्या लेखी संमतीने केलेल्या सुधारणांसाठी भाडेवाढीची वाट १९९९ च्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करून मालक व भाडेकरू यांच्यात नमुना करार घडवून आणण्याचे काम व्यापारी संघटना आणि सहकारी बँका यांनी अंगावर घ्यावे. बँकेने कर्ज द्यावे, विजेच्या व टँकरच्या बचतीतून भाडेकरूने त्याचा काही भाग फेडावा, उरलेला मालकाने उचलावा. आणि काम पुरे झाल्यावर भाडेकरूला त्याच गाळ्याची हमी मिळावी. मालमत्ता करातील सवलत द्यायची ती यंत्रे बसविल्याबद्दल एकदाच न देता, ती चालू ठेवल्याबद्दल दरवर्षी तपासून द्यावी.

चौथी गोष्ट कामाच्या वेळापत्रकाची. बाजार बंद ठेवून दुरुस्ती करता येत नाही. दिवाळी, सुगीची आवक आणि लग्नसराई हे व्यापाराचे दिवस, तर पावसाळा हा बांधकामाला अडचणीचा. पौष महिन्यात लग्ने नसतात, हवा कोरडी असते आणि कापड-दागिन्यांची गर्दी ओसरलेली असते. इमारतीचे भाग पाडून, एकेका हंगामात एकेक भाग हाती घेतला तर तीन-चार वर्षांत सारी इमारत पुरी होईल आणि एकही दुकान कायमचे उठणार नाही. किल्लारीनंतर या भागातील गवंड्यांना बळकटीचे काम शिकविण्यात आले होते. त्या शिक्षणाचा वारसा आजच्या पिढीत पुन्हा रुजविला तर त्यातून रोजगारही निर्माण होईल. कारण दुरुस्तीच्या खर्चातील मोठा वाटा सिमेंटच्या कारखान्याकडे न जाता स्थानिक हातांना मिळतो.

लातूर-नांदेडच्या बाजारांना नव्या इमारती लागतीलच. शहरे वाढत आहेत. परंतु ज्या आहेत त्या टिकविण्याची व्यवस्था उभी केली नाही, तर आज नव्या बांधलेल्या संकुलांचीही तीस वर्षांनी हीच अवस्था होईल आणि तेव्हाही पाडा व बांधा हाच सल्ला मिळेल. लातूरने दुर्लक्षाची किंमत १९९३ मध्ये एकदा आणि २०१६ मध्ये दुसऱ्यांदा मोजली आहे. एकदा भिंतींच्या बाबतीत, एकदा पाण्याच्या. जुन्या व्यापारी इमारतींच्या गच्चीवर हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. त्यांचे उत्तर शोधायला नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या अंदाजपत्रकात दोन्ही महानगरपालिकांनी आपल्या प्रत्येक संकुलाच्या नावे एक स्वतंत्र दुरुस्ती खाते उघडावे. त्या खात्यातील पहिल्या वर्षीची रक्कम लहान असेल. पण आजवर कोणाच्याही वहीत नसलेले कर्ज निदान वहीत तरी येईल.